स्तुतीच्या ओव्यांपुरता स्टीफन्स

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली की महाविद्यालयांच्या फलकांवर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या झळकू लागतात. मोगरी आणि कस्तुरीच्या उपमांपाशी आपला स्टीफन्स सुरू होतो आणि तिथेच संपतो. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तून मूठभर ओव्या वेचायच्या, त्यांच्या बळावर आपल्या भाषेला एका इंग्रजाचे प्रशस्तिपत्र मिळवून द्यायचे आणि उरलेला ग्रंथ 'धर्मप्रचारपर' असा शिक्का मारून मिटवून ठेवायचा, ही आपल्या वर्गांतली रूढ रीत आहे. ती वाङ्मयीन अप्रामाणिकपणाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा इतिहास दूरचाही नाही. आमचा साकीनाका ज्या बेटावर वसला ते साष्टी. स्टीफन्स यांनी जिथे सुमारे चाळीस वर्षे काढली तो गोव्यातला मुलूखही साष्टीच. दोन्हींवर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. साकीनाक्यापासून जवळच, सीप्झच्या आवारात, १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीफन्स गोव्यात उतरले.

त्यांना वगळू पाहणारा पक्ष म्हणतो : इन्क्विझिशनच्या छायेत सांगितलेल्या धर्माला साहित्य कसे म्हणावे? आक्षेप गंभीर आहे आणि त्यातली वस्तुस्थिती नाकारता येत नाही. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांची कत्तल झाली. मारले गेलेले जेझुइट स्टीफन्स यांचे सहकारी होते. खुद्द स्टीफन्स ज्या इंग्लंडातून आले तिथे कॅथलिक श्रद्धा हाच अपराध ठरत होता. एका देशात छळल्या जाणाऱ्या श्रद्धेचा हा माणूस दुसऱ्या देशात छळणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने तीच श्रद्धा सांगत होता. ही विसंगती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

पण तिच्यामुळे ग्रंथ बाद होतो, हा निष्कर्ष मात्र ग्रंथ न वाचताच काढलेला आहे. कारण ही अडचण 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच आलेली आहे. तिथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? सत्तेने जे हिरावून घेतले त्याची पोकळी इथे कवीने स्वतःच्याच काव्यात नोंदवली आहे. ग्रंथाची प्रेरणा या प्रश्नात आहे आणि पुढचे सारे पुराण हे त्याचे उत्तर आहे. तो प्रश्न वगळून स्तुतीच्या ओव्या शिकवणे म्हणजे खटल्यातली साक्ष गाळून फक्त निकाल वाचून दाखवणे होय.

उत्तर देतानाही परिस्थिती अनुकूल नव्हतीच. १६०८ मध्ये रोमला पाठवलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी लिहिले होते, की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. पण सहाशेच्या घरात जाणारे साचे ओतायचे कसे, हा प्रश्न आहे. ती इच्छा पुरी झाली नाही. १६१६ मध्ये राचोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. लिपी परकी, छंद मात्र ओवी. कथा बायबलची, तर स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'. नागरी टंक तयार होईपर्यंत आणि राज्य निर्दोष होईपर्यंत ते थांबले असते, तर मराठीला हा ग्रंथ मिळालाच नसता.

श्रद्धा सांगायला निर्दोष काळ कोणालाच लाभत नाही. म्हणून काळाचे दोष माफ होत नाहीत. त्या दोषांच्या मध्ये उभे राहून माणसाने ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला काय उत्तर दिले, हे तपासावे लागते. स्टीफन्स यांच्या उत्तराचे पुढे काय झाले, तेही बघावे. १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी तो जपला आणि अशाच प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये तो पुन्हा छापला. सत्तेने लादलेल्या गोष्टी सत्तेबरोबर जातात. पोर्तुगीज मुलखाबाहेर, पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून घेतलेले पुराण हे लोकांनी आपलेसे केलेले पुराण होते.

दुसरा पक्ष कौतुक करणाऱ्यांचा. तो स्टीफन्स यांना 'मराठीचा परदेशी प्रेमी' करून टाकतो. हा सन्मान दिसतो, प्रत्यक्षात हा अपमान आहे. स्टीफन्स यांनी मराठीवर प्रेम केले ते तिच्यात ख्रिस्त सांगता येईल म्हणून. हा हेतू पटो वा न पटो, तो कापून टाकण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. ज्ञानेश्वरांचा अद्वैतविचार वगळून त्यांची प्रतिमासृष्टी तेवढी शिकवा, असे कोणी म्हणाले तर आपण ऐकून घेऊ काय?

लिपीची सबब आता उरलेली नाही. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची. तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत फलकावर स्तुतीच्या ओव्या जरूर लिहाव्यात; पण त्यांच्या शेजारी त्या ब्राह्मणाचा प्रश्नही लिहावा. विद्यार्थ्यांना त्याचा त्रास झाला, तर शिकवणे सुरू झाले असे समजावे.