आळशी माणसे की अंधारे रस्ते?

चाळिशी ओलांडलेल्या आपल्या माणसांना डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला." गोळ्या सुरू होतात, चालणे सुरू होत नाही. मग घरातली शिकलेली पोरे निदान करून मोकळी होतात : आळस. मित्रांनो, हे निदान मला मान्य नाही. पहाटे उठून भाकरी थापून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई आळशी कशी?

२०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे, दिवसाला जेमतेम बावीस. कारण आळसच असेल, तर स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आळशी आहेत असे म्हणावे लागेल. म्हणाल का? फरक आळसाचा नाही, घराबाहेर पडण्याच्या मुभेचा आणि मोकळ्या वेळेचा आहे.

दुसरा युक्तिवाद आपलेच लोक करतात : "आमचे कामच व्यायाम." यात अर्धे सत्य आहे. श्रम हीही हालचालच. पण मजुरी बारमाही नसते. तणनाशकाने खुरपणी कमी केली, यंत्राने मळणी हिसकावली. आपल्यातले जे रिक्षावर, दुकानात, कार्यालयात बसले, त्यांच्याकडे श्रमही उरले नाहीत. शिवाय दिवसभर वाकून केलेल्या कामात विसावा कधी घ्यायचा, हे मालक ठरवतो. व्यायाम म्हणजे आपल्या शरीरासाठी आपल्या मर्जीने दिलेला वेळ. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे शरीर दुसऱ्याच्या कामासाठीच राबवले गेले, त्यांच्यासाठी ही मर्जी नवीन आहे. ती रुजवावी लागेल.

आता जागेचे बोलू. माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे, चहूकडे शिवार आहे. मोकळ्या जागेचा तोटा नाही. पण जागा असणे वेगळे आणि ती वापरता येणे वेगळे. कोणत्याही गावात विचारून बघा : वस्तीपासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवे लागतात का? ओपन जिम कोणत्या आळीत बसवली? तिथे आपली बाई संध्याकाळी निर्धास्त जाते का? आणि एक प्रश्न स्वतःला : साडीवर बूट घालून चालायला निघालेल्या पंचेचाळीस वर्षांच्या मावशीला हसणारे कोण असतात? बहुतेक वेळा आपणच.

माणूस टिकून चालतो तो सोबतीमुळे, ठरलेल्या वेळेमुळे आणि न आल्यास कोणी हाक मारल्यामुळे. हे तिन्ही बुद्धविहार देऊ शकते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास झेपतो, प्रयत्नांचे बळ येते, आरोग्य राहते, अन्न पचते, समाधी टिकते. मग वंदनेनंतर अर्धा तास सगळ्यांनी मिळून चालायला काय हरकत आहे? महिलांना हवा असेल तर त्यांचा वेगळा गट करा. दिव्यांसाठी ग्रामसभेत लेखी मागणी करा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. तिचा हिशेब मागा. वस्ती विकास योजनेतूनही रस्ते आणि दिवे होतात. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी जमते, तर चार खांबांसाठी पाठपुरावा का होऊ नये?

बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय साथ देत नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते गेले. त्यांनी देह आपल्यासाठी झिजवला. तो दाखला देऊन आपण मात्र रात्रीची जागरणे, वडापाव आणि तंबाखूवर चळवळ चालवतो, आणि ऐन पन्नाशीत अनुभवी कार्यकर्ता गमावतो. त्याच्या शोकसभेला आपण शंभर जण जमतो. तो जिवंत असताना त्याच्यासोबत चालायला दोघे तरी निघा.

जयभीम!