निकालानंतरचा जून

२०२५ मध्ये पावसाने मृगाची वाट पाहिली नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच तो कोकणात उतरला आणि पेरणीचे सगळे ठोकताळे विस्कटून गेला. शाळांनी मात्र आपला दिवस सोडला नाही. सोळा जूनला घंटा झाली आणि रत्नागिरीच्या मांडवीपासून संगमेश्वरच्या सह्याद्रीपायथ्यापर्यंत कोऱ्या वह्यांचा आणि ओल्या छत्र्यांचा तो ओळखीचा वास पुन्हा वर्गावर्गांत भरून राहिला. पंचांगात नवे वर्ष पाडव्याला लागत असले, तरी शिकणारे मूल ज्या घरात आहे त्या घराचे वर्ष जूनमध्येच उजाडते. आणि सालाचा आरंभ म्हटला की मागचा हिशेब पाहणे आलेच.

मागचा हिशेब वरवर पाहता सुखावणारा आहे. २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळाने पहिल्यांदा परीक्षा घेतली, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग राज्यात पहिला येत आला आहे. इतका नेमाने की मथळे आदल्या दिवशीच जुळवून ठेवावेत. मे २०२५ मध्ये बारावीचा राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला आणि कोकणचा ९६.७४. दहावीत राज्य ९४.१० वर थांबले आणि कोकण ९८.८२ वर पोहोचले. हे यश आयते आलेले नाही. खाडी आणि कातळ यांच्यामध्ये जेमतेम पोटापुरती जमीन असलेल्या माणसाला फार आधी कळले होते की वाटणीत भावांना गुंठे येतील, पण अक्षराची वाटणी होत नाही. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेले होते, आणि तिथे परीक्षकांनी, वय कमी दिसते म्हणून, त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. आले तसे ते परत फिरले. पुढे त्यांनी स्त्रीशिक्षणासाठी काय उभे केले हे आपण जाणतोच. परंतु त्या पायपिटीचे कौतुक करताना एक साधी गोष्ट आपण विसरतो: परीक्षेचे केंद्र घाटापलीकडे होते.

आज परीक्षेचे केंद्र गावाजवळ आले आहे. वर्ग लहान, मुले ओळखीची, गुरुजींना कोणाच्या घरी काय चालले आहे ते ठाऊक, आणि मागे पडणाऱ्याला हाताला धरून पुढे नेण्याची रीत अजून टिकलेली. या वातावरणात मूल सहसा नापास होत नाही. मग या टक्क्यांवर आपण किती विसंबावे? निकालातले ‘कोकण’ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढे दोनच जिल्हे. रायगड, ठाणे, पालघर मुंबई मंडळात जातात. जव्हार-मोखाड्यातली आदिवासी मुले भूगोलाने कोकणातली, पण निकालाच्या दिवशी आपल्या अभिमानात त्यांना जागा नसते. दुसरीकडे, २०२५ मध्ये बारावीत सर्वांत तळाशी ८९.४६ टक्क्यांनिशी राहिला तो लातूर विभाग. ज्या लातूरच्या नावाने शिकवण्याचा एक ‘पॅटर्न’ राज्यभर ओळखला जातो आणि जिथून वर्षानुवर्षे मुले वैद्यकीय महाविद्यालयांत गेली, ते लातूर. उत्तीर्ण होणे एक, आणि पुढच्या दाराशी पोहोचणे दुसरे. आपण पहिल्यात पहिले आहोत.

दुसऱ्याचा हिशेब कोणी निकालाच्या दिवशी मांडत नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीच्या २०२१-२२ च्या अहवालात महाराष्ट्राचे उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण ३५.३ आहे, देशाचे २८.४. देशापेक्षा आपण बरे, असे म्हणून पान उलटता येईल. पण या एका आकड्याच्या पोटात पुणे आहे तसे गडचिरोलीही आहे, मुंबई आहे तसे मंडणगडही आहे. सरासरी ही राज्याच्या सोयीची असते.

रत्नागिरी जिल्ह्याची कथा तर याहून अवघड. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटून १६ लाख १५ हजारांवर आली, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया भरल्या ११२२. शिकलेला मुलगा जिल्ह्यात राहत नाही, हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही. तरवा एका वाफ्यात वाढवायचा आणि लावणी दुसऱ्याच्या खाचरात करायची, असा आपल्या शाळांचा व्यवहार झाला आहे. गेलेल्यांचे भले झाले, यात शंका नाही. प्रश्न राहिलेल्यांचा आहे, आणि राहिलेल्यांत मुली अधिक.

त्यांच्या बाबतीत आपल्या व्यवस्थेची एक गंमत पाहावी. ग्रामीण भागातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. जिथून महाविद्यालय लांबचे होते, नेमका तिथेच तो संपतो. उरतो सवलतीचा पास, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर काय, ही आईची काळजी. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी संपूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. मात्र फी माफ झाल्याने मंडणगड रत्नागिरीच्या जवळ येत नाही. मधले सव्वाशेहून अधिक किलोमीटर तसेच राहतात, आणि खोलीभाडे, खाणावळ यांना माफी नसते.

असे का झाले, याचे एक उत्तर कागदात आहे. विदर्भाचा अनुशेष मोजला गेला, मराठवाड्याचा मोजला गेला. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून त्यावर भांडणे झाली, मंडळेही नेमली गेली. कोकण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त राहिले, म्हणजे पुणे-मुंबई-कोल्हापूरच्या सावलीत. वैद्यकीय प्रवेशांचे प्रदेशनिहाय ७०:३० चे सूत्र २०२० मध्ये रद्द होईपर्यंत देवरुखची मुलगी कागदोपत्री पुण्याच्या मुलीइतकीच सुदैवी मानली जात होती. तेच विद्यापीठाचे. जळगावला १९९० मध्ये, नांदेडला १९९४ मध्ये, एकट्या सोलापूर जिल्ह्याला २००४ मध्ये आणि गडचिरोलीला २०११ मध्ये विद्यापीठ मिळाले. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे; कला, विज्ञान, वाणिज्य शिकणारी आपली मुले मात्र अजून तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबई विद्यापीठाला जोडलेली. रत्नागिरीत उपपरिसर आहे, हे खरे. वेगळ्या कोकण विद्यापीठाची मागणी निघाली की ‘मुंबईच्या पदवीचे वजन जाईल’ अशी भीती सर्वांत आधी आपल्याच घरांतून उमटते, हेही खरे. ती भीती अगदीच पोकळ नाही, परंतु वजनदार पदवीपर्यंत किती मुले पोहोचतात हे विचारल्यावाचून तिला मान देणे बरे नव्हे.

सरकारची वाट न पाहता काही करण्याची रीतही याच मातीतली. १९४५ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, रत्नागिरीत आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय उभे राहिले ते एका स्थानिक शिक्षणसंस्थेमुळे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे जावी लागली. आजही गावोगावच्या मुंबईकर मंडळांकडे पैसा आहे, माणसे आहेत आणि गावाची ओढ तर आहेच. गणपतीत गुणगौरव समारंभ होतील, दहावी-बारावीच्या मुलांना वह्या, स्मृतिचिन्हे मिळतील, फोटो निघतील. ही प्रथा मोडू नये. तिच्यात एक भर घालता येईल: मागच्या तीन वर्षांत ज्यांचा सत्कार केला, त्यांतली किती मुले आज महाविद्यालयात आहेत, किती मुलींनी बारावीनंतर घरी बसणे पत्करले, याची यादी प्रत्येक मंडळाने स्वतः करावी. एके काळी गावकीने गिरगाव-लालबागेत खोल्या घेतल्या, त्यांत नोकरी शोधायला आलेला गावचा मुलगा पथारी टाकत असे. तशीच एखादी खोली आता रत्नागिरीत, चिपळुणात घ्यावी. त्यात मंडणगडच्या, राजापूरच्या चार मुलींची सोय होईल. अकरावीचे प्रवेश २०२५ मध्ये प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा जूनमध्ये याद्या लागायला अवधी होता, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेशही पुरते मिटलेले नव्हते. श्रावणाआधी खोली मिळाली, तर त्याच वर्षी उपयोगी पडेल.