पेट्रोल की ग्लो?

मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या कुठल्याही मैदानावर जा, रविवारी सकाळी चहा येईपर्यंत हा वाद सुरू झालेला असतो. "अजून ग्लो? अरे पेट्रोल घे, फुकटात पडतं!" माझ्यासारख्या ईएमआयवाल्याला हे लगेच पटतं.

गणित बरोबरच आहे म्हणा. एक ग्रॅम मेथॅनॉल जाळायला साडेसहा ग्रॅम हवा पुरते, पेट्रोलला पावणेपंधरा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेत ग्लो इंजिन दुपटीहून जास्त इंधन पितं. वर त्यात 15-20 टक्के तेल आणि महागडं नायट्रोमिथेन. माझं 7.5 सीसीचं इंजिन 300 मिलीची टाकी दहा-बारा मिनिटांत संपवतं आणि विमानाला तेलाची आंघोळ घालतं ते वेगळंच.

मग पेट्रोल का नाही? वजन, दुसरं काय! ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार दीड व्होल्टवर एकदा तापवली की पुढे मेथॅनॉलच जळता जळता तिला लाल ठेवतं. बॅटरी काढून खिशात. पेट्रोलला दर फेरीला ठिणगी लागते, म्हणजे इग्निशन मॉड्यूल, सेन्सर, त्याची बॅटरी, आणि हे सगळं विमानात बसूनच उडणार. मोठ्या विमानाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या अडीच किलोच्या ट्रेनरला वाटतं. जड विमान वेगातच उतरवावं लागतं, आणि माझं लँडिंग आधीच कसं असतं ते मैदानावरच्या मंडळींना विचारा.

"पेट्रोलने बेअरिंग गंजत नाहीत" हे मात्र मला लागतं. पहिल्या पावसाळ्यात मी इंजिन तसंच माळ्यावर टाकलं होतं. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं. दिवाळीत काढलं तर मागचं बेअरिंग कुरकुर करतंय! नवीन बसवण्यात अख्खा शनिवार गेला. पण चूक माझी. उरलेलं इंधन जाळून संपवायचं, आफ्टर-रन तेलाचे चार थेंब टाकायचे, दोन मिनिटांचं काम. आणि आपल्या पंपावरचं पेट्रोल तरी कुठे कोरडं राहिलंय? 2025 पर्यंत त्यात 20 टक्के इथेनॉल आलं. तेही पाणी ओढतं, शिवाय कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा खराब करतं.

तेव्हा माझं मत: 10 सीसीच्या आत ग्लो, 20 च्या वर पेट्रोल. मधल्या मधे खुशाल भांडा.

परवा एकाने त्याचं 20 सीसीचं पेट्रोल इंजिन निम्म्या किमतीत देऊ केलंय. उद्या त्याला नाही म्हणून सांगणार आहे. त्याला शोभेलसं विमान आधी घ्यावं लागेल. (बायको वाचत असेल तर: घेत नाहीये.)