चाहतीला दाखला कशाला?

डिसेंबर २०१९ मधली गोष्ट. 'स्टार वॉर्स' मालिकेचा नववा भाग, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', नुकताच लागला होता. रविवारचा सकाळचा खेळ. मी आणि माझी मुलगी रांगेत उभ्या होतो. माझ्या डोक्यावर नेहमीचा स्कार्फ, खांद्याला शाळेचीच पिशवी. पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या टीशर्टवर डार्थ व्हेडरचा मुखवटा होता. त्यानं वळून अगदी सौजन्यानं विचारलं, "काकू, हा सिरीजमधला शेवटचा पार्ट आहे. आधीचे बघितलेत ना? नाहीतर काहीच कळायचं नाही."

मी म्हटलं, "बघितलेत." त्याचं समाधान झालं नाही. "मग सांगा, हान सोलोनं आधी गोळी झाडली की ग्रीडोनं?"

मी विचारलं, "कुठल्या प्रतीत? १९७७ च्या की १९९७ च्या?"

चाहत्यांना हा विनोद लगेच कळेल. इतरांसाठी सांगते: मूळ चित्रपटात हान सोलो समोरच्याला सरळ उडवतो. वीस वर्षांनी जॉर्ज लुकस यांनी त्या प्रसंगात फेरफार करून समोरच्याला आधी गोळी झाडायला लावली, म्हणजे आपला नायक सोज्वळ दिसावा. त्यावरून चाहते आजही भांडतात. तो मुलगा हसला, "सॉरी काकू" म्हणाला आणि पुढे वळला.

मुलगा वाईट नव्हता. तरी तो प्रश्न मला लागला, कारण महिना डिसेंबर २०१९ होता. नागरिकत्वाच्या कायद्यातली दुरुस्ती नुकतीच संमत झाली होती आणि आमच्या नात्यागोत्यात घरोघरी ट्रंका उघडल्या जात होत्या. कुणाच्या अब्बांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. कुणाच्या आजीच्या जन्माची नोंदच नाही. आठवडाभर कागद, कागद आणि कागद ऐकून मी तीन तास मोकळा श्वास घ्यायला थिएटरवर गेले, तर तिथेही रांगेत मला दाखला मागितला गेला. बाई, तुम्ही इथल्याच कशावरून?

मला एवढंच म्हणायचं आहे की एखाद्या गोष्टीवर जीव जडायला दाखला लागत नाही. ती गोष्ट चित्रपटांची मालिका असो, भाषा असो, की देश. जो राहतो, जीव लावतो आणि हक्कानं भांडतो, तो तिथला. बाकीच्या चौकशा फाजील आहेत.

मी या मालिकेची चाहती झाले तीही कुणाच्या परवानगीनं नाही. बीएड करत असताना रात्री पाठ टाचणं लिहीत बसायचे. धाकटा भाऊ भाड्यानं सीडी आणायचा. एका रात्री 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लागला होता. म्हणजे सुरुवात मधूनच. कोण कुणाचा, काही पत्ता नाही. पण काळ्या मुखवट्यातला तो खलनायक नायकाचा हात छाटतो आणि मग सांगतो की मी तुझा बाप आहे, तेव्हा माझं टाचण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पाठ कसाबसा पार पडला. मग मागचे भाग शोधले, पुढचे शोधले. लॉकडाऊनमध्ये मुलीबरोबर सगळे पुन्हा क्रमानं पाहिले. १९७७ ते २०१९, बेचाळीस वर्षांत मुख्य मालिकेचे नऊ भाग. आता कुठला संवाद कुठल्या भागातला, हे मला वर्गातल्या पटासारखं पाठ आहे.

यावर तीन बाजूंनी मला जाब विचारला जातो.

पहिली बाजू घरची. माझी खाला म्हणते, "बेटा, चाळिशी उलटली तुझी. आता तरी हे लढायांचे पिक्चर सोड, अल्लाहचं नाव घे." खालाचं प्रेम मला कळतं, पण तिला एक आठवण करून द्यावीशी वाटते. तिच्याच आजोळी रात्र-रात्र दास्तान ऐकली जायची. अमीर हमजा पऱ्यांच्या देशात जातात, देवांशी लढतात, आणि अमर अय्यारच्या झोळीत अख्खं जग मावतं, हे ऐकून कुणाचं ईमान कमी झालं? अकबर बादशहानं त्याच 'हमजानाम्या'ची सुमारे चौदाशे चित्रं काढून घेतली. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं हीच दास्तान ४६ जाडजूड खंडांत छापली. मराठीनंही 'हातिमताई' आपलीशी केली आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या. तिलिस्म, जादूगार, उडते तख्त हे सगळं आमच्याच घरातलं. तख्ताच्या जागी अंतराळयान आलं म्हणून ते एकाएकी फिजूल कसं झालं?

दुसरी बाजू पुरोगामी मित्रांची. एक सहकारी मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या समाजापुढे एवढे प्रश्न असताना तुम्हाला ताऱ्यांवरच्या लढाया सुचतात?" हा प्रश्न ते शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, क्रिकेटवर तासभर बोलणाऱ्या सरांना कधीच विचारत नाहीत. मुसलमान बाईनं बोलायचं ते तलाकवर, बुरख्यावर, फार तर गालिबवर. तिनं चंद्राकडे पाहिलं तरी तो ईदचाच असला पाहिजे! समाजाच्या प्रश्नांवर मी लिहीत आले आहे, लिहीत राहीन. पण माणूस म्हणून माझे शौक या प्रश्नांकडे गहाण पडलेले नाहीत.

आणि हे चित्रपट वास्तवापासून पळ काढणारे आहेत, हेही खरं नाही. २००२ च्या भागात संसदेत आणीबाणीचे अधिकार चॅन्सेलर पॅल्पटीनला द्या, असा ठराव मांडतो तो जार जार बिंक्स. सगळ्यांत भोळा, सगळ्यांत प्रेमळ प्रतिनिधी. २००५ च्या भागात तोच चॅन्सेलर स्वतःला सम्राट घोषित करतो आणि सभागृह टाळ्या वाजवतं. लोकशाही टाळ्यांच्या गजरात मरते, हे मला त्या चित्रपटानं दाखवलं. साम्राज्याची कल्पना सुचताना डोळ्यांसमोर व्हिएतनाममधली अमेरिका होती, हे लुकस यांनी स्वतः सांगितलेलं आहे. हे पाहणाऱ्याला पळपुटा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तिसरी बाजू म्हणजे रांगेतला तो मुलगा. त्याचा प्रश्न गमतीचा होता, पण त्याच प्रश्नाचं विषारी रूप जगानं पाहिलं आहे. जॉन बोयेगा हा कृष्णवर्णीय नट सैनिकाच्या पांढऱ्या चिलखतात दिसला, तेव्हा 'खऱ्या' चाहत्यांपैकी काहींनी चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली. केली मरी ट्रान या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन नटीचा इतका छळ झाला की २०१८ मध्ये तिनं आपल्या इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. पुढच्या भागात तिच्या वाट्याला जेमतेम काही क्षण आले. प्रेमाचं मालकीत रूपांतर झालं की असंच होतं. मग दारात उभं राहून कोण आत, कोण बाहेर हे ठरवायचा चस्का लागतो.

आता माझं स्वतःचं भांडण. ते या मालिकेशीच आहे, आणि ते मी चाहती म्हणून हक्कानं मांडते.

१९७७ च्या पहिल्या चित्रपटात म्हातारा ओबी-वान तरुण लूकला 'फोर्स' म्हणजे काय ते सांगतो. ही शक्ती सगळ्या सजीवांमुळे आहे, सगळ्यांना वेढून आहे. म्हणजे ती कुणाचीही असू शकते. वाळवंटात शेती करणाऱ्या पोरालाही ती सापडते. ते वाळवंट ट्युनिशियाचं आहे. लूकच्या ग्रहाचं नाव टॅटूइन, आणि टाटाविन नावाचं गाव त्या देशात खरोखर आहे. लूकच्या घराचं चित्रीकरण मटमाटा गावातल्या जमिनीखालच्या हॉटेलात झालं. मुसलमानांच्या मुलुखात, साध्या घरात सुरू झालेली ही गोष्ट सगळ्यांची होती.

मग १९९९ आलं. 'द फँटम मेनेस'मध्ये अनाकिन नावाच्या गुलाम मुलाचं रक्त तपासतात आणि आकडा सांगतात: वीस हजारांच्या वर! जी शक्ती सगळ्यांची होती ती एकदम रक्तात मोजली जाऊ लागली. चाहते तेव्हा चिडले, आणि बरोबर चिडले.

२०१७ मध्ये 'द लास्ट जेडाय'नं ही चूक दुरुस्त केली. नायिका रे आपले आईबाप कोण म्हणून दोन चित्रपट झुरते आणि तिला उत्तर मिळतं की ते कुणीच नव्हते. दारूच्या पैशांसाठी त्यांनी तिला विकलं. तरीही शक्ती तिच्यात आहे. शेवटच्या दृश्यात तबेल्यात राबणारा एक मुलगा हात पुढे करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. त्या पोराचं घराणं कुठलं, बाप कोण, काही सांगितलेलं नाही. माझ्या वर्गात बागवानांची, शिकलगारांची, रिक्षा चालवणाऱ्यांची मुलं बसतात. ते दृश्य पाहून माझे डोळे भरून आले, यात मला लाज वाटत नाही.

आणि दोनच वर्षांनी, त्या डिसेंबरात, ज्या चित्रपटासाठी मी रांगेत उभी होते त्यानं काय केलं? रे ही सम्राट पॅल्पटीनची नात निघाली! म्हणजे एवढी शक्ती आहे तर घराणं असणारच. ज्या मुलीनं बिनबापाची म्हणून उभं राहायचं होतं, तिच्या हातात लेखकांनी वंशावळ ठेवली. शेवटी ती लूकच्या त्याच जुन्या घरापाशी येते. वाटेनं जाणारी एक म्हातारी तिचं नाव विचारते. ती सांगते, रे. म्हातारीचं समाधान होत नाही, ती पुढचं नाव विचारते. आपल्याकडे विचारतात ना, "आडनाव काय?" तसंच. आणि रे उत्तर देते: स्कायवॉकर.

काही चाहते म्हणतात की तिनं आजोबांचं नाव नाकारून गुरूचं घेतलं, यातच तिचं स्वातंत्र्य आहे. मला हे अर्धंच पटतं. नाव निवडलं हे चांगलं, पण आडनावावाचून तिला सोडलं नाही ते नाहीच. बाहेर पडताना माझी मुलगी म्हणाली, "अम्मी, नुसतं 'रे' म्हणून गप्प बसली असती तर?" माझ्या मते त्या चित्रपटाचं याहून नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

आडनावाचा भार काय असतो हे मराठी विज्ञानकथेलाही ठाऊक आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. परीक्षकांनी नावाकडे न बघता कथेकडे बघावं म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकरांना मोठ्या नावाचा फायदा नको होता. आमच्यातल्या अनेकांना नावाचा तोटा नको असतो. भाड्यानं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज कसा बदलतो, हे मी फोनवर ऐकलेलं आहे. "मराठी छान बोलता हो तुम्ही" ही शाबासकी तर मी चाळीस वर्षं झेलते आहे. मराठीत स्वप्नं पडणाऱ्या बाईला!

पण फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवून मी थांबणार नाही. आम्ही तरी काय वेगळं करतो? हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात अरबाला गैर-अरबावर श्रेष्ठत्व नाही, हे ऐकून आम्ही मान डोलावतो आणि संध्याकाळी मुलीच्या स्थळाची चौकशी करताना पहिला प्रश्न विचारतो, बिरादरी कुठली? सय्यद-पठाणांच्या दिवाणखान्यात पिंजाऱ्याच्या हुशार पोराला आपण कुठे बसवतो? रक्ताचा आकडा मोजणारे फक्त पडद्यावर नाहीत, ते आपल्या दस्तरख्वानावरही बसलेले आहेत. डिसेंबरात कागद मागितल्यावर आपल्याला जे लागलं, तेच आपण आपल्या माणसांना रोज लावतो, हेही कधी बोललं पाहिजे.

मी अजूनही या मालिकेची चाहती आहे. तिच्यातल्या चुका मोजूनही आहे, किंबहुना त्या मोजते म्हणूनच आहे. तिच्यामागे डिस्नेचं अब्जावधींचं भांडवल आहे, खेळण्यांचा बाजार आहे, हेही मला माहीत आहे. तिच्याशी माझं भांडण आहे, ते मिटणार नाही आणि मिटावं अशी माझी इच्छाही नाही. ज्याच्याशी नातं नाही त्याच्याशी कोण भांडत बसतं? देशाशी आणि जमातीशी माझं असंच नातं आहे. टीका केली की "मग जा ना तिकडे" म्हणणारे, आणि "बाहेरच्यांसमोर घरचं काढू नकोस" म्हणणारे, या दोघांनाही हे प्रेम ओळखता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रांगेत तुमच्या मागे स्कार्फ घातलेली एखादी बाई उभी असेल, तर तिची परीक्षा घेऊ नका. तिला विचारा, कुठला भाग आवडला आणि कुठला अजिबात नाही आवडला. बोलता बोलता खेळ सुरू व्हायची वेळ होईल, आणि तुमच्यात जोरदार वाद झाला तर फारच छान.