फवारणी हवीच, गुणसूत्रंही हवीत

चागास रोग पसरवणाऱ्या किड्यांची गुणसूत्रं कशाला बघत बसायचं? घरं फवारा, भिंती लिंपा, रुग्ण शोधा. बाकी सगळी प्रयोगशाळेतली हौस, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागची कळकळ खरी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या मातीच्या घरांत भिंतीच्या भेगांत या किड्यांतली विंचुका नावाची जात दडते, रात्री माणसाचं रक्त पिते आणि तिथंच विष्ठा टाकते. खाजवलं की त्या विष्ठेतला परजीवी अंगात शिरतो, आणि काहींचं हृदय पुढे वर्षानुवर्षं पोखरतो. कार्लोस चागास यांनी ब्राझीलमध्ये १९०९ साली हा रोग उघडकीस आणला, तरी तो अजून संपलेला नाही. म्हणूनच हा आक्षेप मला मान्य नाही.

म्हणे, या किड्यांच्या गुणसूत्रांत बघण्यासारखं काही नाही. विंचुकेची, म्हणजे ट्रायटोमा इन्फेस्टन्सची गुणसूत्रं २२. तिच्या जवळच्या ट्रायटोमा प्लॅटेन्सिसचीही २२. आकडे बरोबर आहेत, पण नुसती मोजणी म्हणजे अभ्यास नव्हे. नराचं वृषण काढून अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवतात, काचपट्टीवर तुकडा दाबून पसरतात, बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून गिम्सा रंग देतात. मग हेटरोक्रोमॅटिनचे, म्हणजे गुणसूत्रातल्या घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचे, गडद ठिपके उठून दिसतात. अँडीजमधल्या विंचुकेत ते बहुतेक गुणसूत्रांवर असतात, तर उरुग्वे-ब्राझीलकडच्या विंचुकेत मोजक्याच. माँटेव्हिडिओचे फ्रान्सिस्को पान्झेरा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की या दोन गटांच्या डीएनएच्या एकूण प्रमाणातही सुमारे ३० टक्क्यांचा फरक आहे. एकच जात, गुणसूत्रंही तेवढीच, आणि एवढी तफावत!

डीएनएचा क्रम वाचता येत असताना सूक्ष्मदर्शक कशाला, हा दुसरा प्रश्न. हेटरोक्रोमॅटिनमध्ये तेच ते तुकडे हजारो वेळा येतात आणि क्रम जुळवताना नेमके तिथंच धागे तुटतात. शिवाय दोन गटांच्या संकरातून जन्मलेल्या नराच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या जुळल्या की नाही, हे काचपट्टीवर डोळ्यांनी दिसतं. दोन्ही पद्धती एकमेकींना लागतात.

राहिला फवारणीचा मुद्दा, आणि खरा वाद इथंच आहे. विंचुकेमार्फत होणारा प्रसार थांबल्याचं प्रमाणपत्र उरुग्वेला १९९७ मध्ये आणि ब्राझीलला २००६ मध्ये मिळालं. फवारणीचं हे यश मोठंच. पण तिथली विंचुका मुळात पाहुणी होती. अँडीजकडून माणसांच्या सामानासोबत ती पसरली आणि त्या प्रवासात तिचं हेटरोक्रोमॅटिन घटत गेलं, असा गुणसूत्रांवरून निघणारा अर्थ मला पटतो. ती घरापुरतीच राहिली, म्हणून घर फवारलं की जवळजवळ संपली. बोलिव्हियात ती खडकांतही राहते. तिथं, तसंच अर्जेंटिनाच्या साल्टा प्रांतात, डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाला दाद न देणाऱ्या विंचुका सापडल्या आहेत. उरुग्वेत जमलं ते बोलिव्हियात जसंच्या तसं जमेल, हे गृहीत धरणं तिथल्या कुटुंबांना महागात पडतं.

गुणसूत्रं पाहून औषधाला प्रतिकार ओळखता येतो, असा माझा दावा नाही. अँडीजबाहेर, अर्जेंटिनाच्या चाको प्रांतातही प्रतिकार दिसलाच आहे. त्याची चाचणी वेगळी करावीच लागते. पण मैदानी गावात फवारणीनंतर पुन्हा विंचुका दिसली आणि तिच्या गुणसूत्रांवर अँडीजचे ठिपके निघाले, तर ती बाहेरून आली असल्याचा सबळ पुरावा हाती लागतो. मग नुसती भिंत फवारून भागत नाही, सामानाची वाट शोधावी लागते. म्हणून फवारणी पथकाने पकडलेल्या नरांपैकी थोडे प्रयोगशाळेकडे जायलाच हवेत, आणि तो खर्च फवारणीच्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.