गेलेले पाणी वेळेत परत द्या

माण तालुक्यात पाण्याचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. टँकर कधी आला, पिंपात किती उरले, उद्याला पुरेल का, हे घरातील थोरामोठ्यांना तोंडपाठ असते. हाच हिशेब जुलाब होणाऱ्या वृद्धाच्या उशाशी बसून ठेवला, तर त्याचे प्राण वाचू शकतात.

पटकी, म्हणजेच कॉलरा, हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहे. यात्रेला जाण्यापूर्वी पटकीची लस टोचून घेतल्याचे अनेकांना आठवत असेल. हा रोग आता क्वचित दिसतो. पण तो संपलेला नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आल्याने पटकीची साथ उद्भवली आणि काहींचे प्राण गेले. टंचाईत मिळेल ते पाणी प्यावे लागते आणि पहिल्या पावसात घाण वाहून विहिरीत उतरते. माणदेशाला हे दोन्ही प्रसंग नवे नाहीत.

पटकीचे जंतू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे सुरू होतात. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे पातळ, भरपूर जुलाब होतात. उलट्याही होतात. बहुधा ताप नसतो, पोटातही फारसे दुखत नाही. म्हणूनच ‘होईल बरे’ असे म्हणून वेळ दवडला जातो. नेमके निदान शौचाचा नमुना तपासून होते, परंतु अहवाल येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. पटकीत माणूस दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, आणि तेही काही तासांत.

वृद्धांच्या बाबतीत धोका अधिक असतो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. पाणी हवे आहे, हे आजोबा सांगणारच नाहीत. कातडी मुळातच सैल असल्याने चिमटा घेऊन पाहण्याची खूणही फसवी ठरते. म्हणून जीभ कोरडी पडणे, डोळे खोल जाणे, आवाज क्षीण होणे, पायात गोळे येणे, उठताना भोवळ येणे, असंबद्ध बोलणे आणि सहा तासांत लघवी न होणे, या खुणांवर लक्ष ठेवावे. जवळ कागद ठेवून जुलाब, उलटी व लघवीची वेळ आणि दिलेले पेय लिहीत जावे. डॉक्टरांना त्या नोंदीचा फार उपयोग होतो.

पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस सुरू करावे. आतड्याचे अस्तर पाणी बाहेर टाकत असतानाही साखर व मीठ एकत्र शोषून घेण्याची त्याची क्षमता शाबूत राहते आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत जाते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण रुग्णांना पाजवले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. केलेले द्रावण चोवीस तासांनी टाकून द्यावे.

मधुमेह आहे म्हणून साखरेच्या भीतीने ओआरएस टाळू नये. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास, तसेच रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या वा मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नयेत. प्रतिजैविक द्यावयाचे की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. वरील खुणा दिसल्यास १०८ ला फोन करावा. वाडीवरून दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतच्या वाटेतही घोट घोट पाजणे थांबवू नये. मात्र रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडातून काहीही देऊ नये.

प्रतिबंधाचे काम पिंपापासून सुरू होते. पिण्याचे पाणी उकळावे, किंवा बाटलीवरील प्रमाणानुसार मेडिक्लोर घालून अर्धा तास थांबावे. पाणी झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावे. विहिरीत वा टाकीत टीसीएल पावडर पडली का, ओटी चाचणी झाली का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास निःसंकोच विचारावे. रुग्णाचे कपडे विहिरीवर, नळाजवळ वा नदीपात्रात धुऊ नयेत. ते उकळत्या पाण्यात टाकावेत. सेवा करणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवावेत. एका घरात दोघा-तिघांना असे जुलाब झाल्यास आशाताईंना त्वरित कळवावे, म्हणजे पाण्याचा नमुना वेळेत तपासला जाईल.

औषधांच्या डब्यात ओआरएसच्या चार पुड्या आहेत का, हे आजच पाहून घ्यावे.