ही रांग नेमकी कोणाची?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांना विमानतळ परका नाही. पापडी, गिरीज, नंदाखाल, आगाशी, कुठेही जा. घरातला कोणी ना कोणी बोटीवर असतो, आखातात असतो, नाही तर आता कॅनडा-ऑस्ट्रेलियात असतो. एके काळी कुवेतला निघालेल्या मुलाला पोचवायला गाडी भरून माणसे सहारला जात. आज नालासोपारा-विरारच्या इमारतींतूनही वेल्डर, वाहनचालक, परिचारिका निघतात आणि त्यांच्यामागून नातवंडे सांभाळायला निवृत्त आईबाप निघतात. या सगळ्यांचे एका बाबतीत एकमत आहे. विमानात चढण्याआधी आणि उतरल्यावर जीव जेवढा मेटाकुटीला येतो, तेवढा हवेतल्या आठ-दहा तासांत येत नाही.

असे का होते, असे विचारले की एकच उत्तर मिळते: गर्दी. आपली लोकसंख्याच एवढी, कोण काय करणार! हे उत्तर मला पटत नाही. माझे सारे नोकरीचे आयुष्य बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला गेले. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली मी पाहिली आहे. गर्दी आणि गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कळते. गर्दी माणसांमुळे होते. गोंधळ मात्र कोणते काम कोणाचे, हे ठरलेले नसल्यामुळे होतो.

आधी गर्दीचा हिशेब पाहू. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या बळावर २० जानेवारी २०१८ रोजी चोवीस तासांत तिथे ९८० विमानांची ये-जा झाली. म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक विमान. ते हाताळणाऱ्या नियंत्रकांना दादच द्यायला हवी. पण परदेशी जाणारी बरीच विमाने रात्रीच निघतात. युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांवर निर्बंध आहेत. फ्रँकफर्टला तर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमाने बंदच. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघाले की तिथे सकाळी पोचता येते आणि पुढचे विमान गाठता येते. म्हणून आपल्याकडे माणसांचा लोंढा नेमका अपरात्री लोटतो.

वसई-विरारकराचे हाल त्याच्याही आधी सुरू होतात. ‘तीन तास आधी या’ असे तिकिटावर असते. आम्ही घर सहा-सात तास आधी सोडतो. महामार्गावर कुठे काम निघेल आणि कुठला ट्रेलर आडवा होईल, याचा नेम नसतो. वर्सोव्याच्या खाडीवर २०२३ मध्ये नवा पूल आला, थोडा दिलासा मिळाला. ऑक्टोबर २०२४ पासून अंधेरीहून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोने पुढचेच स्थानक म्हणजे दोन क्रमांकाचे टर्मिनल, अशी सोय झाली. दिवसा ती उत्तम आहे. पण विमान पहाटे दोनला उतरते तेव्हा मेट्रोही झोपलेली असते आणि विरार लोकलही.

आता रांगेचे गणित. समजा, अर्ध्या तासात तीन मोठी विमाने उतरली आणि नऊशे माणसे पासपोर्ट तपासणीला आली. एका माणसाला दीड मिनिट लागते असे धरा. वीस खिडक्या उघड्या असतील तर शेवटच्या माणसाला सत्तर मिनिटांच्या आसपास थांबावे लागेल; तीस असतील तर पंचेचाळीस. दालनाला संगमरवर लावा, नाही तर सोन्याचा मुलामा द्या, या गणितात फरक पडत नाही. फरक पडतो तो खिडकीमागे माणूस बसवल्याने. आणि विमाने केव्हा उतरणार, हे तर वेळापत्रकात आधीच छापलेले असते!

मग माणूस का बसत नाही? इथे खरी मेख आहे. मुंबई विमानतळाची इमारत २००६ पासून खासगी कंपनीच्या ताब्यात आहे. २०२१ पासून ती अदानी समूहाकडे आली. सुरक्षा तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे. पासपोर्ट तपासणी गृह मंत्रालयाच्या इमिग्रेशन खात्याकडे. कस्टम अर्थ मंत्रालयाकडे. विमानांचे नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडे. तिकीट विमान कंपनीचे, आणि बॅगा उचलणारी माणसे बहुधा आणखी तिसऱ्याच कंपनीची. प्रवासी एकच, पण त्याला हाताळणारे सहा. प्रत्येकाचे आपापले काम चोख असेलही. पण एका कामाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रवासी मध्येच लोंबकळला, तर तो कोणाचा?

हा विकार केवळ आपल्या देशाचा नाही. मागे एकदा मुलीकडून परतताना परदेशातल्या एका गजबजलेल्या विमानतळावर आम्हाला विमान बदलायचे होते. पहिले विमान उशिरा पोचले, दुसरे निघून गेले. पत्नीचा गुडघा दुखरा. विमान कंपनीच्या टेबलावर सांगितले, नवे तिकीट बदली-प्रवाशांच्या खिडकीवर मिळेल. त्या खिडकीने सांगितले, तिकीट देतो, पण बॅगांचे सामान विभागाला विचारा. सामान विभाग म्हणाला, आधी सुरक्षेच्या पलीकडे जा. सुरक्षेच्या दारावरचा माणूस म्हणाला, नव्या तिकिटाशिवाय सोडता येणार नाही. तीन तास आम्ही या चौकोनात फिरत होतो. एकही माणूस उद्धट बोलला नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळे हसतमुख होते, सगळे नियमाप्रमाणे बोलत होते. फक्त ‘हे माझे काम आहे, बसा’ असे म्हणणारा एकही नव्हता. अखेर पाळी बदलल्यावर आलेल्या एका तरुण अधिकारी मुलीने दोन फोन केले आणि दहा मिनिटांत सारे मार्गी लागले. म्हणजे अधिकार होता, यंत्रणाही होती. ते वापरण्याची जबाबदारी कोणावर टाकलेली नव्हती.

आमचे तीन तास गेले, गुडघा सुजला, एवढ्यावर भागले. सगळ्यांचे एवढ्यावर भागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर इंडियाच्या विमानाने न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या वृद्ध जोडप्याने दोन व्हीलचेअर मागितल्या होत्या. मिळाली एक. त्या खुर्चीत बसलेल्या पत्नीबरोबर ऐंशी वर्षांचे पती पासपोर्ट तपासणीपर्यंत चालत गेले, तिथे कोसळले आणि वारले. नागरी विमान महासंचालनालयाने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. त्याच्याच आदल्या महिन्यात मुंबईला वळवलेल्या एका विमानाच्या प्रवाशांनी विमानांच्या तळावर जमिनीवर बसून जेवण केले, तेव्हा दंड विमान कंपनीलाही झाला आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाही. म्हणजे सरकारने मनात आणले तर जबाबदार कोण, हे ठरवता येते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे ठरते ते अनर्थ घडून गेल्यावर. आणि दंडाची रक्कम सरकारजमा होते. रांगेत ताटकळलेल्याच्या हाती काही पडत नाही.

सुधारणा अशक्य आहे, असेही नाही. हातातल्या प्रत्येक पिशवीला टॅग बांधायचा आणि त्यावर सुरक्षा जवानाने शिक्का मारायचा, ही पद्धत आठवते? एप्रिल २०१७ मध्ये मुंबईसह काही मोठ्या विमानतळांवर ती बंद झाली. त्याच वर्षी जुलैपासून परदेशी निघालेल्या भारतीयांना भरावा लागणारा प्रस्थानाचा छापील फॉर्म गेला. परतणाऱ्यांचा त्याआधी २०१४ मध्येच गेला होता. आकाश कोसळले नाही. उलट पेन मागत फिरणारी माणसे दिसेनाशी झाली. यासाठी वीटही रचावी लागली नाही. ‘हे कशासाठी करतो?’ एवढा प्रश्न कोणीतरी विचारला, इतकेच.

बँकांनाही हा प्रश्न एकदा विचारला गेला होता. १९९० साली रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेसाठी गोईपोरिया समिती नेमली. तिची एक साधी शिफारस होती: कर्मचाऱ्यांची कामाची वेळ ग्राहकांच्या वेळेआधी पंधरा मिनिटे सुरू व्हावी, म्हणजे दार उघडताना खिडकी तयार असेल. आमच्यातल्या अनेकांनी तेव्हा नाके मुरडली. पुढे १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल आला. त्या एका पदाने फरक काय पडला, तर ‘हे आमच्या विभागात येत नाही’ हे वाक्य शाखेत उच्चारायला माणसे कचरू लागली. तक्रार वर गेली तर उत्तर लिहून द्यावे लागेल, ही धास्ती पुरेशी होती.

विमानप्रवाशाला नेमके हेच हवे आहे. २०१६ पासून सरकारचे एअरसेवा पोर्टल आहे, तिथे तक्रार जरूर करावी. पण घरी पोचल्यावर केलेली तक्रार आणि पहाटे तीनला रांगेत असताना मिळालेली मदत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रत्येक पाळीला प्रत्येक टर्मिनलवर एक असा अधिकारी हवा, ज्याचा शब्द त्या सहाही यंत्रणांनी ऐकायचा. त्याचे नाव फलकावर हवे. किती खिडक्यांपैकी किती उघड्या आहेत आणि अंदाजे किती वेळ लागेल, हेही दालनात लिहिलेले हवे. आणि भरपाई द्यायला लावणारा स्वतंत्र लोकपाल हवा.

हे आत्ताच मागायचे कारण असे की, नवी बांधकामे जोरात आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची त्याची क्षमता आहे. आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि त्याच्या शेजारी मुंबईचा तिसरा विमानतळ करण्याचे मनसुबे बोलले जात आहेत. तो व्हावा की न व्हावा, हा मच्छीमारांच्या पोटाशी जोडलेला वेगळा प्रश्न आहे. पण इमारती वाढल्या आणि हात झटकण्याची रीत तीच राहिली, तर एका रांगेच्या तीन रांगा होतील. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे धडाधड रद्द झाली तेव्हा देशभर नवी कोरी टर्मिनले होती. तरी माणसे बॅगांवर डोके टेकून झोपलीच.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. विमान कंपनीमुळे रात्री आठ ते पहाटे तीनमधले विमान सहा तासांहून अधिक रखडले तर मुक्कामाची सोय मागता येते. पक्के तिकीट असून, वेळेत पोचूनही जागा नाही म्हणून अडवले आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तर २०,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. परदेशप्रवासात बॅग फुटली तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी. आईवडील एकटे निघत असतील तर व्हीलचेअर दोघांसाठी स्वतंत्र मागावी आणि ती दोघांच्याही तिकिटावर नोंदली आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. हे सारे एका कागदावर मराठीत लिहून त्यांच्या पासपोर्टात ठेवावे. शिकलासवरलेला माणूस भांडून तरी घेतो. पहिल्यांदाच आखाताला निघालेला पोरगा मात्र प्रत्येक गणवेशापुढे मान खाली घालतो, आणि त्याचे विमान चुकले तर कधी कधी नोकरीही चुकते.

पुढच्या वेळी एखादा साहेब ‘हे माझ्याकडे येत नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. शांतपणे विचारा, ‘मग कोणाकडे येते, त्यांचे नाव लिहून द्याल का?’ हा प्रश्न पुष्कळांनी, पुष्कळ वेळा विचारायला हवा.